टोप्या बसवायचा अडकित्ता

आमच्या घरात अडकित्ते दोन होते. एक पानाच्या डब्यात, सुपारी कातरायचा. दुसरा यजमानांच्या कपाटात. दिसायला तो पहिल्यासारखाच, दोन दांड्या आणि मध्ये बिजागरी, पण त्याला पातं नव्हतं. पात्याच्या जागी एक खळगा होता आणि त्यात वरखाली होणारा लहानसा दट्ट्या. काडतुसाची पितळी नळी खळग्यात उभी धरायची, दट्ट्यावर टोपी ठेवायची आणि दोन्ही दांड्या मुठीत दाबायच्या. टोपी नळीच्या बुडात जाऊन बसली की नळी भरायला तयार. ही टोपी तांब्याची, तुरीच्या दाण्याएवढी. बंदुकीचा घोडा तिच्यावर आपटला की ती पेटते आणि आतली दारू पेटवते. त्या हत्याराला काहीतरी विलायती नाव असेल. आमच्याकडे सगळे त्याला अडकित्ताच म्हणत.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. यजमान नांदेडच्या अदालतीत वकिली करत. सकाळभर उर्दूत अर्ज लिहायचे, दुपारी काळी शेरवानी चढवून कोर्टात जायचे. बंदूक त्यांना त्यांच्या काकांकडून मिळाली होती, घोड्यांची दुनळी, आणि परवाना दरवर्षी तालुकदार कचेरीतून नवा करून आणावा लागे. शिकारीला त्यांच्याबरोबर एकच माणूस जायचा. तो त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. त्या घराण्याचं कापडाचं दुकान चौकात कित्येक पिढ्यांपासून होतं, म्हणून मी त्यांना कापडवाले म्हणत असे. त्यांच्या बायकोला मी भाभी म्हणायची. त्या देगलूरच्या. माझ्याशी मराठी बोलत, घरात दखनी, आणि भाजीवालीशी भांडायचं झालं तर तेलुगू.

बाजारातली तयार काडतुसं नांदेडला धड मिळत नसत. म्हणून पितळी नळ्या पुन्हापुन्हा भरून वापरायच्या. अडकित्ता आमच्याकडे, त्यामुळे दोघांचीही काडतुसं आमच्याच ओसरीवर भरली जात. टोप्या भाभींचा धाकटा भाऊ आणून द्यायचा. तो देगलूरला व्यापार करायचा आणि मालासाठी हैदराबादला जायचा. येताना कापडवाल्यांसाठी टोप्यांची डबी, बहिणीसाठी बांगड्या. कापडवाले छर्रे मोजून द्यायचे, यजमान दारू मोजायचे आणि टोप्या बसवायचे. टोप्या बसवताना ते भिंतीकडे तोंड करून बसत. उजेड नीट पडतो म्हणत.

मला या शिकारीचं कधी कळलं नाही. शिकारीचं मांस आमच्या घरात येत नसे, आणि डुक्कर तर कापडवाल्यांच्याही घरात येत नसे. पण किनवटकडच्या एका गावात यजमानांचे पक्षकार होते, ते दर हंगामाला निरोप पाठवायचे. एकदा त्यांच्यातला एक म्हातारा आमच्या दारात येऊन बसला होता. "लई डुकरं झालीत वकीलसाब. जवारी ठिवतच न्हाईत. ह्या बारीला आलंच पायजे." दोघांना एवढं निमित्त पुरे व्हायचं. मोटारीने भोकर गाठायचं, पुढे बैलगाडी. मारलेलं डुक्कर गावकऱ्यांना द्यायचं आणि अंगाला बंदुकीच्या दारूचा वास घेऊन परत यायचं.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी ते हिवाळ्याच्या सुरुवातीला गेले आणि ठरल्यापेक्षा लवकर परत आले. बैलगाडीत गवत घालून त्यावर कापडवाल्यांना निजवलेलं होतं. डाव्या पोटरीला धोतराच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या आणि त्या रक्ताने वाळून कडक झाल्या होत्या. झालं होतं असं. हाकाऱ्यांनी उठवलेलं डुक्कर ज्वारीतून सरळ त्यांच्या अंगावर आलं. कापडवाल्यांनी एक घोडा पाडला, नुसता खट्ट आवाज. दुसरा पाडला, तोही खट्ट. तेवढ्यात डुकराने सुळा मारून पोटरी फाडली आणि ते नाल्यात उतरून गेलं. यजमान दुसऱ्या बांधावर होते. ते पळत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पाय वाचला. डॉक्टरांनी टाके घातले, जखम चिघळली, पुन्हा उघडावी लागली. कापडवाले बरेच दिवस बाजेवर होते आणि बाजेवर पडल्यापडल्या त्यांनी ठरवून टाकलं की दोष टोप्यांचा. जुना पडून राहिलेला माल मेव्हण्याने स्वस्तात उचलला आणि आपल्या गळ्यात मारला. यजमान समाचाराला जात, तेव्हा मीही एकदोनदा सोबत गेले. कापडवाले तावातावाने बोलत. यजमान बाजेच्या खुराकडे बघत म्हणायचे, "ओल लागली असंल. टोपीला ओल लागली की संपलं." त्यांनी मेव्हण्याचं नाव घेतलं नाही, पण नाही असंही म्हणाले नाहीत.

मग कापडवाल्यांनी देगलूरला सांगावा धाडला की पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. भाऊ आला नाही.

एके दुपारी भाभी पडद्याच्या टांग्यातून एकट्याच आमच्याकडे आल्या. यजमान कोर्टात होते. बुरखा काढून त्यांनी खुंटीला लावला, पाणी प्यायल्या आणि कनवटीचं सोडावं तशी ओढणीच्या टोकात बांधलेली टोप्यांची डबी सोडून माझ्यापुढे ठेवली.

"हीच ती डबी. ह्यांनी फेकून दिली होती, मी उचलून ठेवली," त्या म्हणाल्या. "वहिनी, माझ्या भावाचं नाव खराब करून राहिले ना. तो तसा न्हाई. तुम्हाला ह्यातलं काही समजतं का?"

मला काडतुसातलं काही समजत नव्हतं. पण माझे वडील लातूरच्या एका जिनिंगमध्ये इंजिनवर होते. इंजिन बंद पडलं की ते एकेक भाग सोडून बघायचे. ज्यात दोष नाही तो बाजूला ठेवायचे आणि उरलेल्याकडे वळायचे. त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले की मी ते बघत बसायची. तेवढ्या शिदोरीवर मी म्हटलं, "बघू या."

कपाटाची किल्ली माझ्याकडेच असे. मी बंदूक, अडकित्ता आणि रिकाम्या नळ्या काढल्या. कपाटात त्याआधीच्या वर्षीची टोप्यांची एक डबी होती, अर्धी उरलेली. त्या डबीतल्या टोप्या तेव्हा सगळ्या वाजल्या होत्या, हे मला पक्कं आठवत होतं, कारण त्या वर्षी दोघं फार खुशीत परत आले होते. मी म्हटलं, आपण दोन्ही डब्यांतल्या टोप्या बसवू. दारू नाही, छर्रे नाहीत, नुसत्या टोप्या. मग बघू कोणत्या वाजतात.

बंदूक मी जन्मात कधी हातात धरली नव्हती. जड होती. परसात विहिरीच्या बाजूला भिंत होती, तिकडे तोंड करून मी उभी राहिले. भाभींनी दोन्ही कानांत बोटं घातली. मी यंदाच्या डबीतली टोपी लावलेली नळी आत सरकवली, घोडा ओढला, चाप दाबला. खट्ट.

भाभींचा चेहरा उतरला. "नै वाजली," त्या म्हणाल्या.

मी बंदुकीच्या दुसऱ्या नळीत जुन्या डबीतली टोपी घातलेली पितळी नळी टाकली. तीही खट्ट. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. जुन्या टोप्या तर चांगल्या होत्या. मग पुन्हा यंदाची, पुन्हा जुनी. एखादी वाजे, बहुतेक वाजत नव्हत्या, आणि दोन्ही डब्यांत काही फरक नव्हता.

"म्हणजे त्याच्या टोप्यांत खोट न्हाई," भाभी हळूच म्हणाल्या.

"आहे तर दोन्हींत आहे. न्हाईतर दोन्हींत न्हाई."

मग माझ्या हातून एक गोष्ट सहज झाली. न वाजलेली नळी बाहेर काढायच्या ऐवजी मी चुकून तोच घोडा पुन्हा ओढला आणि चाप दाबला. फटाक्यासारखा आवाज झाला. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या, "काय गं, काय फुटलं?" मी म्हटलं, "काही न्हाई, नळी साफ करून राहिलोय." त्या गेल्यावर मी न वाजलेल्या सगळ्या टोप्यांवर दुसऱ्यांदा घोडा पाडला. जवळजवळ सगळ्या वाजल्या.

मी ओसरीवर येऊन बसले. नव्याने टोपी बसवलेली एक नळी घेतली आणि तिच्या बुडावरून अंगठा फिरवला. टोपी किंचित वर होती. नखाला लागत होती. मग दुसऱ्या फटक्याला वाजलेली एक घेतली. तिची टोपी बुडाशी सपाट होती. तेव्हा मला समजलं. टोपी पुरती आत बसतच नव्हती. पहिल्या फटक्याचा जोर तिला आत ढकलण्यात जात होता, आणि ती वाजायची दुसऱ्या फटक्याला. घरात, भिंतीपुढे, दुसरा फटका मारायला सवड असते.

हे मी भाभींना सांगितलं. त्यांनी नळीच्या बुडावरून आपलाही अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "डुक्कर थांबलं असतं तर वाजली असती."

टोपी आत का जात नाही हे आता बघायचं होतं. आधी मला वाटलं नळ्यांच्या बुडात काजळी धरली असेल. सुईने खरवडून, फडक्याने पुसून पुन्हा टोप्या बसवल्या. पहिल्यासारख्याच वर राहिल्या. मग उरला अडकित्ता. मी तो रिकामाच दाबून पाहिला. दांड्या जिथे एकमेकींना टेकायला हव्यात तिथे टेकत नव्हत्या. मधे बोटाच्या नखाएवढी फट राहत होती. बिजागरीजवळ आत एक खोबण होती, तेलाने काळी झालेली. मी त्यात केसातला आकडा घातला. लोखंडाला लागावा तसा तो लागला नाही, मऊ लागला. उकरल्यावर चामड्याची एक चकती बाहेर आली. कात्रीने गोल कापलेली, लाखेने चिकटवलेली.

चकती निघाल्यावर दांड्या पुऱ्या मिटल्या. बसवलेली टोपी सपाट बसली. परसात जाऊन मी सहा-सात टोप्या वाजवल्या, एकही चुकली नाही.

भाभींनी चकती तळहातावर घेतली. "हे कोनी ठेवलं असंल?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर मिळालं असावं. अडकित्त्याला आमच्या घरात एकच माणूस हात लावायचा. त्यांनी चकती माझ्या हातात परत दिली, बुरखा घातला आणि दारात थांबल्या.

"मैं घर में कुच्च नै बोलती," त्या म्हणाल्या. मग मराठीत, "वकीलसाब स्वतः बोलले तर बरं होईल. पण लवकर बोलायला सांगा. माझा भाऊ ईदला तरी यावा."

संध्याकाळी यजमान आले. त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला. मी चकती त्यांच्या पुढच्या बशीत ठेवली. त्यांनी ती ओळखली, हे मला लगेच दिसलं. त्यांनी बशी बाजूला सरकवली.

"कुठं मिळाली?"

"जिथं तुम्ही ठेवली होती तिथं."

मग ते बोलायला लागले. मागल्या हंगामानंतर मी बाळंतपणाला लातूरला गेले होते, तेव्हाची गोष्ट. ते एकटेच टोप्या बसवत होते आणि एक टोपी हातातच फुटली. बोटं भाजली, भुवई जळाली. मी परत येईपर्यंत सगळं भरून आलं होतं, म्हणून मला काही कळलं नाही. पण त्या दिवसापासून दांड्या मिटायला आल्या की त्यांचा हात थांबायचा. ते डोळे मिटून दाबायचे. शेवटी जुन्या जोड्याचं चामडं कापून त्यांनी खोबणीत चकती बसवली. दाब थोडा कमी लागतो, टोपी बसल्यासारखी दिसते, आणि हात घाबरत नाही.

"मग त्या दिवशी कापडवाल्यांचे बार निघाले न्हाईत, तेव्हा तुमच्या लक्षात आलं असंल," मी म्हटलं.

"शंका आली," ते म्हणाले. "खात्री नव्हती. आणि खात्री करून घ्यायची नव्हती."

मला तेव्हा राग आला होता का, हे आता नीट सांगता येत नाही. एवढं आठवतं की मी त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांकडे बघत होते. भाजल्याच्या खुणा तिथे होत्या, फिकट, आणि इतके महिने त्यांना रोज समोर बसवून वाढत असूनही मी त्या पाहिल्या नव्हत्या.

"सांगतो त्याला," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मोठा खटला होता. नंतर पाहुणे आले. मी आठवण करून दिली नाही. रोज संध्याकाळी मात्र विचारायची, "कापडवाल्यांचा पाय कसा आहे?" आणि ते म्हणायचे, "बरा असंल."

शेवटी गेले ते एका शुक्रवारी, दुपारची नमाज झाल्यावर. दुकानात न जाता घरी गेले. काय झालं ते मला दोन्हीकडून कळलं, आणि दोन्ही सांगणी सारखीच होती, म्हणून खरी असावीत. यजमानांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टोपी फुटल्यापासून चकतीपर्यंत. कापडवाल्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, "घाबरलास ते ठीक. मलाही भीती वाटली असती. पण मी माझ्या मेव्हण्याला दार बंद केल्याचा सांगावा धाडला तेव्हा तू इथंच, ह्याच खुर्चीवर बसला होतास."

यजमान म्हणाले, "हो."

"आता मी त्याला कोणत्या तोंडानं बोलवू?"

"मी बोलावतो."

"तू सांगून तो येईल?"

"आपण दोघं जाऊ."

दोघं मोटारीने देगलूरला गेले. कापडवाल्यांना अजून काठी लागत होती. मेव्हण्याने त्यांना आत घेतलं, जेवायला घातलं. यजमानांसाठी शेजारच्या लिंगायताच्या घरून भाकरी-भाजी मागवली. यजमानांनी जेवणाआधीच सांगून टाकलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वकीलसाब, आप बोले, बस हो गया." पण कापडवाल्यांकडे बघून तो काही बोलला नाही. तो यजमानांवर रागावला नव्हता. चामड्याची चकती त्याला समजू शकली असावी. ज्या माणसाला आपली बहीण दिली होती तो आपल्याला चोर समजू शकतो, ते त्याच्या मनातून गेलं नाही. ईदला तो आला. मुलांसाठी खेळणी आणली, भाभींना बांगड्या आणल्या. टोप्या आणल्या नाहीत, त्या वर्षी नाही आणि पुढेही कधी नाही. कापडवाल्यांनीही मागितल्या नाहीत. टोप्या मग दुसऱ्या कोणाकडून तरी येत राहिल्या.

पुढच्या हंगामात पुन्हा निरोप आला. मला वाटलं होतं, आता हे दोघं बरोबर जायचे नाहीत. पण कापडवाले एका सकाळी आपल्या नळ्यांची पिशवी घेऊन ओसरीवर आले, लंगडत, आणि नेहमीच्या जागी बसले. यजमानांनी कपाटातून सामान काढलं. दारू, छर्रे, सगळं मांडलं. अडकित्ता हातात घेतला आणि तसाच बसून राहिले. कापडवाले छर्रे निवडण्याचं निमित्त करून खाली बघत होते.

मी स्वयंपाकघरातून ते बघत होते. हात पुसून बाहेर आले, यजमानांच्या हातातून अडकित्ता घेतला आणि खाली बसले. नवऱ्याच्या मित्रासमोर असं जाऊन बसायची तेव्हा रीत नव्हती. कापडवाल्यांनी मान दुसरीकडे वळवली, पण नळ्यांची पिशवी माझ्याकडे सरकवली. मी एकेक टोपी बसवत गेले आणि अंगठा फिरवून बघत गेले. मलाही भीती वाटत होती. पहिल्या चारपाच नळ्या मी तोंड बाजूला फिरवून दाबल्या. नंतर सवय झाली. त्यानंतर जितके हंगाम ते दोघं गेले, तितक्या हंगामांत टोप्या मी बसवल्या. टोपी माझ्या हातात कधी फुटली नाही. हे कौशल्य होतं असं मला वाटत नाही.

किनवटकडे त्यांनी पुढेही डुकरं मारली. कापडवाले आता झाडावर बांधलेल्या माच्यावर बसूनच मारत, जमिनीवर उभे राहत नसत. यजमान त्यांच्याच माच्यावर बसत. पूर्वी दोघं दोन टोकांना असायचे.

मग राज्य जायची वेळ आली. त्या धामधुमीत सगळ्यांच्या बंदुका कचेरीत जमा कराव्या लागल्या. दोघं बरोबरच गेले. भाभींच्या घरी ते महिने कसे गेले ते मला ठाऊक आहे, पण ती हकीकत त्यांची आहे. त्या नांदेडमध्येच राहिल्या, दुकानही राहिलं. सगळं निवल्यावर परवाने तपासून काहींना बंदुका परत मिळू लागल्या. कापडवाल्यांनी अर्ज केला, पुष्कळ खेपा घातल्या, आणि गंज चढलेली का होईना, आपली बंदूक घरी आणली. त्याच दिवशी ते आमच्याकडे आले.

"तुझा अर्ज मीच लिहून आणलाय," ते यजमानांना म्हणाले. "सही कर फक्त."

यजमानांनी अर्ज वाचला. मजकुरातली एक चूक दुरुस्त केली, वकील होते ना. मग कागदाची घडी घालून तो कापडवाल्यांच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे ती तिथंच. तुला जायचं असंल तर मी सोबत येईन, नुसता."

कापडवाल्यांनी आग्रह केला नाही. मी आत चहा टाकला.